दोरी पारखणाऱ्या निकाळेबाई

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी वत्सला निकाळे यांचं नाव घेतो. आईवडिलांचे असतातच, ते वेगळे सांगावे लागत नाहीत. निकाळेबाई माझ्या शिक्षिका नव्हत्या. नाशिकरोडच्या मुलींच्या एका शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या आणि मी तिथे प्रयोगशाळेत परिचर होतो. म्हणजे बाटल्या पुसायच्या, बर्नर लावायचे, तास संपला की मुलींनी सांडलेलं आवरायचं. चांदवडहून मॅट्रिक होऊन आलो होतो. आमच्या घराण्यात त्याच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी पुढे गेलो, तो बाईंमुळे. पण त्यांनी मला कधी उपदेश केला नाही, पुस्तकं दिली नाहीत की कुठे शब्दही टाकला नाही. त्यांनी काय केलं ते सांगायचं तर धनुष्याच्या दोऱ्यांपासून सुरुवात करावी लागते.

बाई उंच होत्या, सावळ्या होत्या. पांढरी साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी असायची, पण ती फारशी वाजवायची वेळ येत नसे, आवाज पुरायचा. त्यांचे वडील देवळाली कॅम्पात तंबू ठोकायच्या कामावर होते. "आमचे दादा म्हणायचे, तंबू कापडावर उभा नसतो, दोरावर उभा असतो," असं त्या सांगायच्या. लहानपणी इतर मुली बाहुल्यांशी खेळतात तशा आपण दोरांच्या तुकड्यांशी खेळलो, असंही सांगायच्या. ते खरं असावं, कारण कुठलाही दोरा दिसला की बाईंच्या हाताला राहवत नसे. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचा लोंबणारा धागा त्या ओढून घ्यायच्या, बोटांवर गुंडाळून हिसका द्यायच्या, तुटला की त्याचं टोक बघायच्या. मग काडी ओढून ते टोक जाळायचं आणि वास घ्यायचा.

"केसासारखा वास आला तर रेशीम नाहीतर लोकर. कागदासारखा आला तर सूत. आणि नुसता गोळा झाला तर नायलॉन," हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मी न विचारता.

शाळेजवळच्या कापडदुकानाचा मालक त्यांना येताना बघून रिळांचा डबा फळीखाली सरकवायचा. एका शिक्षिकेच्या मुलाच्या लग्नात आम्ही सगळे गेलो होतो. बाई नवरदेवाला अक्षता टाकायला जवळ गेल्या आणि त्याच्या मुंडावळ्यांचं टोक चिमटीत धरून त्यांनी हलकेच ओढलं. नवरदेव दचकला. "काही नाही, काही नाही," बाई म्हणाल्या, "पक्क्या आहेत." ही गोष्ट शाळेत पुढे बरीच वर्षं चालली.

धनुष्यबाणाचं वेड त्यांना कुठल्याशा शिक्षक शिबिरात लागलं. शाळेकडे त्यासाठी पैसा नव्हता. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "निकाळेबाई, ही शाळा आहे की कुरुक्षेत्र?" बाईंनी हसून घेतलं आणि पेठकडच्या एका ओळखीच्या शिक्षकाकडून बांबूची धनुष्यं मागवली. मैदानाच्या मागच्या भिंतीशी भाताच्या पेंढ्याचे भारे रचले आणि मुलींना उभं केलं. आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट.

धनुष्यं चांगली होती. भांडण होतं ते दोरीशी. पेठकडे धनुष्याला दोरीही बांबूचीच असते, कोवळ्या बांबूची लांब सोललेली पट्टी. तिकडे ती फार छान चालते. वाळली तर माणूस बाहेर जाऊन दुसरी काढतो. आमच्याकडे नाशिकरोडच्या उन्हात त्या पट्ट्या मे महिन्यात एकेक करून तडकल्या, आणि बाहेर जाऊन काढायला बांबू नव्हता. तेव्हा बाईंची शोधाशोध सुरू झाली, आणि ती वर्षभर चालली.

मालेगावचं सूत आणलं. ते ताणलं जायचं; सकाळी घट्ट असलेली दोरी दुपारपर्यंत सैल. लासलगावच्या कांद्याच्या गोणी शिवायची सुतळी आणली. ती ओढता ओढता केस गळावेत तशी गळायला लागली. देवळालीच्या जुन्या बाजारातून लष्करी नायलॉनची दोरी आणली. ती काही केल्या तुटेना. मुली खूश झाल्या, मीही झालो. बाई मात्र बाणाकडे बघत होत्या. "बाण दमल्यासारखा जातोय," त्या म्हणाल्या. "दोरीच आधी ताणली जाते. सगळा जोर स्वतःच खाते, बाणाला काही देत नाही." घायपाताचा वाख, म्हणजे पानातले तंतू, ओढायला भक्कम, पण फास केला की गाठीशी मोडायचा. येवल्याहून कुणी विणकराने रेशमाची लड दिली होती. तिची दोरी अप्रतिम झाली. बाईंनी ती एकदा लावली, बाण भाऱ्यात खोल गेला. त्यांनी दोरी सोडवून परत गुंडाळली. "ही तुटली तर मुली रडतील. जिच्यासाठी रडावं लागेल अशी दोरी सरावाला नको."

दोरी पारखायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी कोरडी ओढायची. मग भिजवून ओढायची. मग घराच्या आढ्याला टांगून खाली पाण्याची बादली लावून रात्रभर ठेवायची आणि सकाळी किती लांबली ते बघायचं. शेवटी मुद्दाम तोडायची आणि तुटलेलं टोक बघायचं. चांगल्या दोरीचं टोक झाडूसारखं पिंजारतं, कारण प्रत्येक तंतू आपापल्या जागी शेवटपर्यंत झुंजलेला असतो. वाईट दोरी काडीसारखी कट् मोडते. "तुटणार तर प्रत्येकच आहे, आहेर," त्या मला म्हणायच्या. "कशी तुटते ते बघायचं."

या शोधात कमल आली. आठवीतली मुलगी, बारीक, अबोल. तिने एक दिवस दप्तरातून तागाचा पिवळसर झुपका काढून बाईंपुढे धरला. शेतात हिरवळीचं खत म्हणून पेरतात तो ताग. तो पाण्यात कुजवून त्याची साल सोलली की लांब चिवट वाख मिळतो.

"बाई, याची करून बघायची का?"

"तुला येते वळायला?"

मागून दुसरी एक मुलगी म्हणाली, "बाई, तिच्या घरी दोरच वळतात. तिचे आबा बाजारात बसतात."

कमलने मान खाली घातली. घरचा धंदा वर्गात निघावा असं तिला नको होतं, हे मलाही कळलं. बाईंनी तो झुपका हातात घेतला, ओढला, जाळला, हुंगला. "आमच्या दादांना असा दोर मिळाला असता तर त्यांचा तंबू कधी पडला नसता," त्या म्हणाल्या. "वळ बघू."

कमलने भिंतीच्या खिळ्याला वाख अडकवला आणि आमच्यासमोर दोरी वळली. बाई पहिल्यांदाच दोरीला हात न लावता बघत होत्या. मधमाशांचं मेण घासून ती दोरी तीन महिने चालली. मग सगळ्या धनुष्यांच्या दोऱ्या कमलच वळू लागली. शिवाय ती नेमही उत्तम धरायची. बाईंनी ठरवलं, पावसाळ्यात जिल्ह्याची निवड स्पर्धा आहे, तिला संघ न्यायचा.

जूनमध्ये उंदरांनी घोळ केला. खेळाच्या खोलीत ठेवलेल्या दोऱ्यांचं मेण त्यांनी खाल्लं, मेणाबरोबर दोऱ्याही गेल्या. कमलने नव्या वळल्या. त्या कुठे ठेवायच्या? शाळेत उंदीर न शिरणारं, कोरडं आणि कुलुपाचं असं एकच कपाट होतं, प्रयोगशाळेतलं. खालच्या कप्प्यात अ‍ॅसिडच्या बाटल्या, वरचा कप्पा रिकामा. मी म्हणालो, "बाई, तिथे अ‍ॅसिड असतं."

"बाटल्या फुटणार आहेत का?"

"नाही."

"मग झालं." त्यांनी घरी पारखायला दोन दोऱ्या ठेवून घेतल्या आणि बाकीच्या वरच्या कप्प्यात स्वतः नीट मांडल्या.

निवडीच्या दिवशी आभाळ मोकळं होतं. इतर शाळांचे संघ आले होते, बहुतेक मुलांचे. कमलचे आबा, म्हणजे वडील सखारामभाऊ, बाजार बुडवून आले होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, कुंपणाजवळ उभे. दोऱ्या त्याच सकाळी कपाटातून काढल्या होत्या. पहिल्या मुलीने धनुष्य ओढलं आणि दोरी कट् करून तुटली. दुसरी लावली, तीही तुटली. मुलीच्या दंडावर वळ उठला. तिसरी कमलने स्वतः लावली, ती कानापर्यंत यायच्या आतच गेली. बाजूच्या शाळेचे एक मास्तर म्हणाले, "बाई, शिवणाचा दोरा आणलात की काय?" मुलं हसली.

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या कमलकडे वळल्या.

"हे तुझं काम? घाईघाईत उरकलंस. हात चालत नव्हता तर सांगायचं होतंस. सगळ्यांना खाली पाहायला लावलंस."

सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. कमल रडली नाही. तिने तुकडे गोळा केले आणि ओढणीत बांधले. सखारामभाऊ पुढे आले, हात जोडून म्हणाले, "चुकलं आसंल तिचं, बाई. ल्हान हाय." आणि पोरीला घेऊन गेले. आमचा संघ एकही बाण न सोडता परत आला.

दुसऱ्या दिवशी कमल वर्गात आली, मैदानावर आली नाही. चार दिवस तसंच. बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं. मी प्रयोगशाळेच्या दारात होतो.

"सरावाला का येत नाहीस?"

"आबा म्हणाले, माझ्या हाताला ते काम नाय. घरी पण नाय देत आता. मी नुसता आकडा फिरवते."

दोर वळताना एक जण टोकाला आकडा फिरवत बसतो आणि दुसरा कमरेला ताग बांधून, बोटांतून तो सोडत मागे मागे चालत जातो. सगळं कसब त्या चालणाऱ्याचं. आकडा कुणीही फिरवतं. कमल सात-आठ वर्षांची असल्यापासून मागे चालत होती.

बाई किल्ली मागायला म्हणून प्रयोगशाळेत आल्या आणि माझ्यासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर माझ्या बाहीवर गेली.

"आहेर, ही भोकं कशाची?"

"अ‍ॅसिडची, बाई."

"सांडलं?"

"नाही. सांडत नाही कधी. नुसती वाफ लागून लागून होतं. दोन धुण्यांत कापड जातं."

त्यांनी माझ्या बाहीत बोट घातलं आणि ओढलं. बाही कोपरापर्यंत फाटली. फाटलेली कड त्यांनी डोळ्यांजवळ नेली. एकही तंतू पिंजारलेला नव्हता. मग त्या कपाटापाशी गेल्या, खालच्या बाटल्या पाहिल्या, वरचा रिकामा कप्पा पाहिला आणि स्टुलावर बसल्या.

"तुटलेलं टोक मी पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांना सांगते, आणि त्या दिवशी मीच पाहिलं नाही."

संध्याकाळी त्यांनी घरच्या दोन दोऱ्यांना बादल्या टांगल्या. त्याच तागाच्या, त्याच दिवशी, त्याच हाताने वळलेल्या. सकाळी दोन्ही जशाच्या तशा होत्या. "उद्या बुधवार ना?" त्यांनी मला विचारलं. "सुट्टी टाका अर्धी. गंगेवर जायचंय."

गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठी, बुधवारचा बाजार भरतो. पोळा आठवड्यावर आलेला, त्यामुळे दोरांच्या ओळीत रेटारेटी. सखारामभाऊ कासऱ्यांचा ढीग लावून बसले होते. बाई थेट पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मैदानावरच्या त्याच आवाजात बोलल्या.

"सखारामभाऊ, त्या दिवशी मी कमलला बोलले ते चुकीचं होतं. दोऱ्या तिने चांगल्या वळल्या होत्या. मी त्या तेजाबाच्या कपाटात ठेवल्या. तेजाबाच्या वाफेने त्या जळल्या. चूक माझी आहे."

गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. सखारामभाऊ अवघडून उठले.

"बसा ना बाई. एवढं कशापायी?"

"तिला परत काम द्या."

"जळल्या म्हन्ता, मंग काळ्या का नाय झाल्या?"

"वाफेने काळं होत नाही."

"ओ सखाराम," एक शेतकरी मधेच म्हणाला, "कासरा दाव की आधी. बाईंचं सावकाश ऐक."

सखारामभाऊंनी त्याला कासरा दिला आणि बाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तुमचं मन लय मोठं हाय, बाई. पोरीला वाईट वाटू नये म्हनून तुमी अंगावर घेताय. पन माल तुटला त्यो तुटलाच. माझ्या दोराच्या भरवशावर लोक गाळ काढाया हिरीत उतरत्यात. पोरीच्या मनासाठी मी तिच्या हाती ताग नाय देनार."

त्यात चुकीचं काही नव्हतं. बाई नमस्कार करून वळल्या. परतताना त्या पुलावर थांबल्या. मग म्हणाल्या, "बोललेलं सगळ्यांना एका दमात ऐकू गेलं, आहेर. मागे घेतलेलं कुणाला ऐकूच जात नाही."

मला वाटलं, झालं, बाईंनी आपलं काम केलं. मी असतो तर पहिल्यांदाही गेलो नसतो. बाई पुढच्या बुधवारी पुन्हा गेल्या, या वेळी त्या कपाटातल्यांपैकी उरलेली, ओढताच तुटलेली एक दोरी आणि घरची एक धड दोरी घेऊन. सखारामभाऊंनी तुटकी बोटांत चोळली. तिचा भुगा झाला.

"ही तर कुजल्याली हाय."

"मी कुजवली."

"न्हाई, ताग पान्यात जास्त ऱ्हायला की आसंच होतं. त्यो बी तिनंच काढल्याला." पुरावा उलटाच पडला. शेजारचा दोरवाला हसत म्हणाला, "बाई, वकील लावा आता."

बाई हलल्या नाहीत. ढिगाकडे बघत म्हणाल्या, "मला एक दोर पाहिजे. जाड."

"कशाला? बैल हायेत?"

"बैल नाहीत, मुली आहेत."

ओळीतले सगळे हसले. बाईही हसल्या. "रस्सीखेचीचा. शाळेला लागतो. दोन्हीकडून ओढायचा. पण वळायचा कमलने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. स्पर्धेला तुम्ही यायचं. तुटला तर तुमचं खरं, मी परत तोंड दाखवणार नाही. नाही तुटला तर तिला आकड्यावरनं उठवायचं."

"आन् लोकांच्या पोरी आपटल्या तर?"

"त्यांच्यात एक मी असेन."

सखारामभाऊंनी टोपी काढून परत घातली. "दिला," ते म्हणाले.

दोर वळणं चालू असताना आम्ही एकदा वालदेवी नदीच्या काठी त्यांच्या वस्तीत गेलो. कमलची आई आकडा फिरवत होती. कमल कमरेला ताग बांधून, आमच्याकडे पाठ करून, एकेक पाऊल मागे येत होती. बाई तिच्या वाटेतच उभ्या राहिल्या.

"कमल, माझं चुकलं."

"हो बाई." तिने मान वळवली नाही.

"रागावलीस?"

"हो." दोन पावलं ती आणखी मागे आली. "बाजूला सरका बाई, मला तिकडंच यायचंय."

बाई चटकन बाजूला झाल्या. परतताना म्हणाल्या, "बरं झालं. 'नाही बाई' म्हणाली असती तर मला झोप आली नसती."

हिवाळ्यात शाळेचे सामने झाले. शेवटची रस्सीखेच दहावीच्या मुली विरुद्ध शिक्षिका. बाईंनी पदर खोचला आणि शिक्षिकांच्या बाजूला सगळ्यात शेवटी जाऊन दोराचं टोक कमरेला गुंडाळलं.

"निकाळेबाई, तुम्ही पंच आहात!" मोठ्या बाई ओरडल्या.

"आज नाही."

सखारामभाऊ भिंतीशी उभे होते. त्यांच्या शेजारी कमल. शिट्टी झाली, दोर ताणला गेला, त्यातून करकर असा आवाज आला. सगळं मैदान किंचाळत होतं. ते दोघं मात्र मुलींकडे बघत नव्हते, शिक्षिकांकडेही नाही. दोघांचे डोळे दोराच्या मधल्या भागावर. दोन्ही बाजू एका जागी थरथरत राहिल्या, मग गणिताच्या बाईंचा पाय सरकला आणि सगळ्या शिक्षिका एकावर एक कोसळल्या. निकाळेबाई पालथ्या पडून मातीतून ओढल्या गेल्या.

दोर धड होता.

मुलींचा जल्लोष चालू असतानाच सखारामभाऊ मैदानात आले. उकिडवे बसून त्यांनी दोर एका टोकापासून हातातून सोडायला सुरुवात केली. मधे एका जागी हात थांबला. अंगठा त्या जागेवर पुढे-मागे फिरला.

"हितं थांबली व्हतीस का गं?"

"आईनं हाक मारली होती."

"हं." हात पुढे गेला. "फुडच्या बारीला हाक मारली तरी थांबायचं न्हाई."

बाई मातीतच बसलेल्या होत्या. कोपर सोललेलं, तोंडात धूळ. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आहेर, पुढच्या बारीला म्हणाले ना ते?"

"हो बाई."

"मग पाणी द्या."

त्यानंतर कमल परत सरावाला आली. संघ पुढच्या वर्षी निवडीला गेला. जिंकला नाही, पण प्रत्येक मुलीचा प्रत्येक बाण सुटला. कमल मॅट्रिक झाली. त्यानंतर ती शाळेत आली ती दोऱ्या द्यायला, दरवर्षी पोळा झाला की. बाई त्या दोऱ्या हातात घेऊन बघायच्या आणि पारखल्याशिवाय ठेवून द्यायच्या. त्यांनी न पारखलेल्या दोऱ्या मला तरी तेवढ्याच माहीत आहेत.

आता माझं. नाशिकला आल्यावर मी मॅट्रिकच्या पुढच्या परीक्षेला बाहेरून बसलो होतो आणि इंग्रजीत नापास झालो होतो. घरी सांगितलं नव्हतं, शाळेत सांगितलं नव्हतं. पुन्हा बसलो आणि पुन्हा नापास झालो तर, या विचाराने दरवर्षी फॉर्मची तारीख जाऊ द्यायचो. बाईंना कुठून कळलं होतं देव जाणे. दर वर्षी त्या एकदाच विचारायच्या, "फॉर्म भरला?" मी काहीतरी कारण सांगायचो. त्या ऐकून घ्यायच्या. रस्सीखेच झाली त्या वर्षी त्यांनी विचारायच्या आधीच मी फॉर्म भरला. नोकरी सांभाळून एकेक टप्पा ओलांडायला बरीच वर्षं गेली. मी बी.ए. होण्याआधीच बाई निवृत्त झाल्या आणि मनमाडला भावाकडे राहायला गेल्या.

त्यांचा शेवटचा दिवस मला आठवतो. त्यांना निरोप समारंभ नको होता, तरी झाला. तो आटोपल्यावर खेळाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे देऊन त्या निघाल्या. मैदानावर मुलींचा खो-खो रंगात आला होता. बाई नेहमीच्या सवयीने मधूनच जायला लागल्या, तेवढ्यात एका नव्या मुलीने ओरडून सांगितलं, "बाई, बाजूला व्हा, डाव चाललाय!" बाई थांबल्या. आखलेल्या रेषेबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. डाव संपेपर्यंत पाहिला. मग रेषेच्या बाहेरून पूर्ण मैदानाला वळसा घालून फाटकापर्यंत गेल्या.

निकाल लागल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. तीनदा लिहून पाहिलं, म्हणून त्याचा कच्चा कागद माझ्याकडे राहिला. तो असा:

"आदरणीय बाई,

सविनय जयभीम.

मी बी.ए. झालो. निकाल काल पाहिला. आज चांदवडला घरी आलो आहे. आई गल्लीत पेढे वाटून आली, आणि ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्याही घरी देऊन आली. एवढी वर्षं मी घरी सांगितलं नव्हतं ते आज सांगितलं, की मी पहिल्यांदा इंग्रजीत नापास झालो होतो. वडील म्हणाले, 'मला तवाच कळलं व्हतं. तू त्या साली दिवाळीला आलास तो दोन दिस जेवलाच नाय.' त्यांनी एवढी वर्षं मला विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

बाई, आपण मला दरवर्षी फॉर्मबद्दल विचारत होता, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहायला बसलो होतो. पण लिहिताना लक्षात आलं, की मी फॉर्म भरला तो आपण विचारलं म्हणून नाही. आपण बाजारात सखारामभाऊंसमोर उभ्या होता तेव्हा मी आपल्या मागे उभा होतो. त्यांनी आपलं मानलं नाही. लोक हसले. पुढच्या बुधवारी आपण परत गेलात, पुन्हा लोक हसले, आणि आपण तिथेच उभ्या राहिलात. तोवर मला वाटायचं, एकदा सगळ्यांदेखत चुकलं की माणूस संपतो. आपण संपला नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत आलात आणि पहिल्या तासाला मुलींची कवायत घेतलीत. मी खिडकीतून पाहत होतो.

जूनपासून बी.एड.ला जाणार आहे. शिक्षक झालो तर माझ्याही हातून कुणावर अन्याय होईल. तेव्हा बुधवारची वाट पाहण्याइतकं धैर्य मला व्हावं, एवढा आशीर्वाद द्या.

सहीपुढे पदवी लिहावी की नाही, यावर सकाळपासून अडलो आहे. वडील म्हणतात लिही, आई म्हणते दृष्ट लागेल. इतर कुणाला लिहिताना लिहिणार नाही. आपल्याला लिहितो.

आपला,
आहेर, बी.ए."